परड्याच्या दाराने एर्दिग

मोठ्या घरात शिरायचे ते पुढच्या दाराने, अशी एक इच्छा माझ्या मनात लहानपणापासून आहे. तिचे कारण साधे आहे. आमच्या गावी एका इनामदारांच्या वाड्यावर माझी आई स्वयंपाकाला होती. शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचो, तो परड्याच्या दाराने. दिंडी दरवाजातून जाऊ नकोस, असे मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. ते सांगावे लागत नसे. पुढे मी एम. ए. झालो, मास्तर झालो, हेडमास्तर झालो. पण त्या दिंडी दरवाजातून आत जाण्याचा योग काही आला नाही, कारण तोवर वाडाच उरला नव्हता.

हे सारे आठवण्याचे निमित्त घडले ते सातासमुद्रापलीकडे. माझे जावई उत्तर वेल्समधल्या रेक्सहॅम येथे डॉक्टर आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. रेक्सहॅमला २०२२ साली शहराचा दर्जा मिळाला, पण त्याचा तोंडवळा अजून कोळशाच्या खाणींच्या गावाचाच आहे. इंग्लंडची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. पाट्या दोन भाषांत, वेल्श आणि इंग्रजी. सीमाभागात हयात गेलेल्या माणसाची नजर अशा पाट्यांवर आधी जाते, तशी माझी गेली. कोणती भाषा वर आणि कोणती खाली, हेही मी पाहून घेतले. असो. गावाच्या दक्षिणेला सुमारे दोन मैलांवर एर्दिग नावाचे एक जुने मोठे घर आहे. ते आता ‘नॅशनल ट्रस्ट’ या १८९५ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या मालकीचे असून तिकीट काढून कोणालाही पाहता येते. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हाला वाडे बघायला आवडतात, चला.”

तिकीट काढले. मनातल्या मनात कोटाचे बटण लावले. आणि बाणाची खूण धरून चालू लागलो, तो खूण आम्हाला घराच्या पाठीमागे नेऊ लागली. समोर शेणखताच्या उकिरड्याचे म्हणून ओळखले जाणारे अंगण, सुतारशाळा, लोहारशाळा, तबेले! मला वाटले वाट चुकली. मुलीला तसे म्हणालो, तर ती हसून म्हणाली, “चुकली नाही बाबा. इथं सगळेच मागच्या दाराने जातात.” खरे सांगतो, क्षणभर मला राग आला. पन्नाशी उलटल्यावर, तिकिटाचे पैसे मोजून, पुन्हा परड्याचेच दार!

तो राग उतरून त्याची जागा कौतुकाने घेतली, आणि परतल्यावर त्या कौतुकालाही प्रश्न पडू लागले. त्या सगळ्याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

प्रथम वास्तूविषयी. एर्दिगचा मूळ भाग १६८४ ते १६८७ या काळात उभा राहिला. बांधणारा जोशुआ एडिसबरी हा डेन्बिगशर परगण्याचा शेरीफ होता. थॉमस वेब नावाच्या गवंड्याकडून त्याने लाल विटांचे, नऊ खिडक्यांच्या रुंदीचे, सरळसोट घर बांधून घेतले. या एडिसबरीचा एक शेजारी आपल्या इतिहासाला ठाऊक आहे. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा १६८७ ते १६९२ या काळातला गव्हर्नर, आणि ज्याच्या नावाने अमेरिकेत विद्यापीठ आहे तो इलायहू येल, याचे घराणे एर्दिगला लागून राहत असे. येलची कबर रेक्सहॅमच्या चर्चच्या आवारात आहे. त्याने एडिसबरीला पाठवला असे सांगितला जाणारा लाखकामाचा पडदा या घरात अजून आहे. मद्रासच्या व्यापाराचा पैसा आणि वस्तू कुठवर पोचल्या होत्या, याची ती एक लहानशी खूण. पण शेजाऱ्याचे ऐश्वर्य पाहून घर बांधणे एडिसबरीला पेलले नाही. तो कर्जात बुडाला आणि घर जॉन मेलर नावाच्या लंडनच्या बड्या कायदेपंडिताच्या हाती गेले. मेलरने १७२० नंतरच्या काही वर्षांत दोन्ही अंगांना पाखे जोडून घर लांबवले आणि लंडनहून उत्तमोत्तम सामान आणून भरले. तो अविवाहित होता. १७३३ साली तो वारला आणि घर भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आले. तेव्हापासून १९७३ पर्यंत, म्हणजे दोनशे चाळीस वर्षे, यॉर्क घराणेच तिथे नांदले. मालकाचे नाव एक तर सायमन, नाही तर फिलिप. हजेरीपटावर अशी नावे असती तर मास्तरांचा गोंधळच उडाला असता.

घराला दोन तोंडे आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पश्चिमेचे तोंड वारापावसाने झिजू लागले, तेव्हा पहिल्या फिलिप यॉर्कने १७७२-७३ मध्ये जेम्स वायट या नामांकित वास्तुकाराकडून त्यावर दगडाचे आवरण चढवून घेतले. पूर्वेचे, बागेकडचे तोंड मात्र विटांचेच राहिले. पश्चिमेकडून पाहिले तर घर गंभीर, मापात बसवलेले आणि थोडे कंटाळवाणे दिसते. नावाजलेल्या वास्तुकाराने हात राखून केलेले काम आहे ते. पूर्वेकडून पाहिले तर तेच घर उबदार वाटते. समोर सरळ रेषेतला कालवा, ओळीने उभी लिंबाची (आपला कडुलिंब किंवा कागदी लिंबू नव्हे, तिकडचा लाइम वृक्ष) झाडे, आणि विटांवर संध्याकाळचा तांबूसपणा. केवळ शिल्प म्हणून गुण द्यायचे तर एर्दिगला मी पहिला वर्ग देईन, विशेष प्रावीण्य देणार नाही. याहून देखणी घरे ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत.

मग एर्दिगवर लिहायचे कशासाठी? ते सार्वजनिक झाले त्या रीतीसाठी.

हे घर कोळशावर बसलेले होते. शब्दशः. बर्शम खाणीतले थर घराच्या पोटाखालून काढले गेले आणि घर खचू लागले. एका टोकाला ते सुमारे पाच फूट खाली गेले. भिंतींना तडे, छपरातून गळती. चौथा सायमन यॉर्क एकांतात राहणारा. त्याने दुरुस्ती अशी केलीच नाही. १९६६ साली तो वारल्यावर धाकटा भाऊ फिलिप आला. हा कधी काळी नाटकात कामे केलेला, साधा, विक्षिप्त, अविवाहित गृहस्थ. घरात सार्वजनिक वीजपुरवठा नव्हता. शेवटी १९७३ साली त्याने घर, सामान आणि जमीन असे सारे नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. कोळसा मंडळाची भरपाई आणि थोड्या जमिनीची विक्री यांतून डागडुजी झाली. १९७७ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते घर लोकांसाठी खुले झाले. फिलिप पुढच्याच वर्षी गेला.

त्या वर्षांत तिकडे मोठी घरे भराभर पडत होती. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने अशा नष्ट झालेल्या घरांचे एक प्रदर्शनच भरवले होते. वाचलेल्या घरांत लोकांना नेण्याची रीत ठरलेली होती. पाहुण्यासारखे पुढच्या दाराने आणायचे, दिवाणखाना दाखवायचा, पलंग दाखवायचा, चित्रे दाखवायची, आणि वेळ उरला तर स्वयंपाकघर. एर्दिगला हा क्रम उलटा केला गेला. ट्रस्टचे त्या वेळचे प्रतिनिधी मर्लिन वॉटरसन यांनी त्या कामावर आणि घरच्या नोकरवर्गावर १९८० साली ‘द सर्व्हंट्स हॉल’ हे पुस्तकही लिहिले.

मी मराठीचा शिक्षक, म्हणून मला हे व्याकरणात सांगू द्या. राजवाड्यांची माहिती नेहमी कर्मणी प्रयोगात लिहिलेली असते. ‘येथे मेजवान्या दिल्या जात’, ‘या दालनात समया लावल्या जात’. कोण लावत असे? कर्ता गुप्त. एर्दिगमध्ये तुम्ही आधी कर्त्याला भेटता. सुतारशाळेत रंधे आणि करवती, लोहाराचा भाता, धोबीघरातले पिंप आणि इस्त्रीची यंत्रे, भटारखान्याची भट्टी, मग स्वयंपाकघर, मग नोकरांचे जेवणघर, मग भिंतीवर ओळीने टांगलेल्या घंटा. या सगळ्यातून चालत जेव्हा तुम्ही वरच्या दालनात पोचता आणि चिनी रेशमी भरतकामाचा तो सुप्रसिद्ध पलंग पाहता, तेव्हा डोळे त्या भरतकामावर ठरत नाहीत. ही चादर कोणी झटकली, पाणी कोणी वर आणले, हेच मनात येते. एकही भिंत न हलवता, केवळ शिरण्याचे दार बदलून, साऱ्या वास्तूचा अर्थ बदलला आहे. वास्तूच्या सार्वजनिक उपयोगाविषयी मी जे थोडेफार वाचले-पाहिले आहे, त्यात याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक कल्पना मला आढळलेली नाही.

याला आधार होता तो यॉर्क घराण्याच्याच एका चमत्कारिक परंपरेचा. पहिल्या फिलिपने १७९० नंतर आपल्या नोकरांची तैलचित्रे काढून घेतली. जॉन वॉल्टर्स नावाच्या चित्रकाराने ती काढली. सत्त्याऐंशी वर्षांची जेन एब्रेल, जी जळमटे काढण्याचे काम करी, हातात झाडू घेऊन बसली आहे. जॅक हेन्शॉ शिकारखात्यावर देखरेख करणारा, एडवर्ड प्रिन्स सुतार, विल्यम विल्यम्स लोहार. प्रत्येक चित्रावर फिलिपने स्वतः रचलेल्या यमकाच्या ओळी. पुढच्या पिढ्यांनी ही रीत चालवली. १८५२ साली छायाचित्रणाची कला नवी असताना नोकरांचा समूह हातांत आपापली हत्यारे देऊन टिपला गेला. १९१२ चाही एक समूह आहे. मोठ्या घराच्या भिंतीवर जळमटे काढणारीचे तैलचित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मी त्या म्हातारीसमोर पुष्कळ वेळ उभा राहिलो.

आणि तिथेच मला पहिली शंका आली. तिच्या चित्रावरच्या ओळी तिच्या नाहीत, मालकाच्या आहेत. थट्टा प्रेमळ आहे, पण थट्टा कोणी करायची हे ठरलेले आहे. नोकरांनी मालकांवर यमके जुळवली असतीलच. ती भिंतीवर नाहीत. घरात बग्गीबरोबर धावणाऱ्या एका कृष्णवर्णीय पोऱ्याचेही चित्र आहे. ते मेलरच्या काळातले म्हणून ओळखले जाते. फिलिपने त्यावरही ओळी रचल्या आणि या पोऱ्याबद्दल आपल्याला माहिती तोकडीच आहे, असे त्यांतच कबूल करून टाकले. कर्ता सापडला, पण निनावी. मालकाच्या विनोदात तेवढ्यानेही भागते.

दुसरी गोष्ट १९०७ ची. एलन पेंकेथ ही एर्दिगची स्वयंपाकीण व घरव्यवस्थापक. पैशाच्या अफरातफरीचा आरोप ठेवून यॉर्कांनी तिला पोलिसांच्या ताब्यात दिले. ती तुरुंगात राहिली, खटला चालला आणि पंचांनी तिला निर्दोष सोडले. टेसा बोस या लेखिकेच्या २०१४ च्या पुस्तकामुळे ही हकिकत पुन्हा चर्चेत आली. चित्रांच्या भिंतीपाशी उभे राहून हे आठवले की ‘नोकरांना घरच्यासारखे वागवणारे घराणे’ या वाक्याला तडा जातो. घरच्या माणसाला कोणी एका सकाळी पोलिसांकडे देत नाही.

तेव्हा प्रश्न असा की एर्दिगमध्ये विश्वास ठेवायचा कशावर? माझे उत्तर आहे: भिंतीवरच्या ओळींपेक्षा भिंतीवर. वास्तूला यमक जुळवता येत नाही. १७७० नंतरच्या दशकात बांधलेले स्वयंपाकघर पाहा. उंच कमानी, तीन भागांची मोठी खिडकी, प्रकाश भरपूर. चुलीवर इतका खर्च करणारा मालक सुसंस्कृत खरा. पण ते मूळ घरापासून वेगळे काढले होते, आगीच्या भीतीने. म्हणजे आग लागलीच तर ती कोणाजवळ लागावी, हे नकाशातच लिहिलेले आहे. तिथून जेवणाच्या दालनापर्यंतचे अंतर पाहा. मी पावले मोजू लागलो होतो, पण मधल्या वळणावर मागून मंडळी आली आणि मोजणी चुकली. माळ्यावरच्या मोलकरणींच्या खोल्या पाहा, आणि त्या घंटा पाहा. दोरी वर ओढायची, घंटा खाली वाजायची. खालून वर वाजेल अशी घंटा त्या घरात एकही नाही. हा पुरावा जेन एब्रेलच्या चित्राइतका गोड नाही, पण तो बदलता येत नाही.

अपवाद म्हणून एक वस्तू सांगितली पाहिजे. वरच्या गॅलरीत काचेच्या पेटीत पालमायरा येथील प्राचीन भग्न मंदिराची प्रतिकृती आहे, १७७३ ची. अभ्रक आणि काचेच्या चुऱ्याने मढवलेले ते नाजूक काम एलिझाबेथ रॅटक्लिफ हिचे. फिलिपच्या आईच्या सेवेत असलेली ही बाई. शेजारी तिनेच १७६७ साली केलेला मोत्याच्या शिंपल्याचा चिनी मनोरा आहे. सबंध घरात नोकरवर्गातल्या कोणी स्वतः म्हणून काही बोललेले असेल तर ते इथे. तिने कधी न पाहिलेली दूरदेशीची इमारत उभी केली, तीही पडकी. वायटच्या दगडी आवरणापेक्षा मला ही पेटी श्रेष्ठ वास्तुशिल्प वाटली, हे मत पक्षपाती असेल तर असो.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण. मागच्या दाराने सगळेच जाऊ लागले, की ते मागचे दार राहत नाही. तिथे तिकीट आहे, खुणेचा बाण आहे, पलीकडे चहाचे दुकान आहे. उकिरड्याच्या अंगणाला आता वास नाही. रंध्यांना तेल लावलेले आहे, तांब्याची पातेली आरशासारखी आहेत. ती घासणाऱ्या हातांना भेगा पडत, हे पातेले सांगत नाही. ज्यांनी कधी परड्याचे दार ओलांडलेले नाही, त्यांना ही एक गंमतीची सहल वाटण्याचा धोका आहे, आणि माझ्यापुढे चाललेल्या काही मंडळींना ती तशी वाटत होती. हा दोष मी दाखवतो, पण त्यावरून ट्रस्टच्या योजनेला नापास करीत नाही. कारण दुसरा पर्याय काय असतो, तो आपण आपल्याकडे पाहतोच आहोत. आमच्या गावचा वाडा पाडताना दिंडी दरवाजाची कोरीव चौकट कोणी तरी हौसेने नेऊन बंगल्याला बसवली. दिवाणखान्याची हंड्या-झुंबरे गेली, त्यांनाही गिऱ्हाईक होते. परड्याच्या दाराला, चुलवणाला, कोठीघराला कोणी विचारले नाही. वाडा राखायचा म्हणजे दिवाणखाना राखायचा, ही आपली समजूत पक्की आहे. जी वाडे-गढ्यांची संग्रहालये मी पाहिली, त्यांत तलवारी होत्या, पगड्या होत्या, पालख्या होत्या. पालखी वाहणारांची नावे नव्हती. एर्दिगने निदान नावे ठेवली.

बाहेर पडल्यावर मुलीने मला पश्चिमेच्या दुहेरी पायऱ्यांपाशी उभे करून फोटो काढला. फोटो चांगला आला आहे. घरी परतल्यावर तो मी आईला दाखवला. तिला आता ऐंशीच्या पुढची वर्षे झाली, नजर अधू आहे. पायऱ्यांच्या फोटोवरून तिने बोट पुढे सरकवले आणि स्वयंपाकघराच्या फोटोपाशी थांबली.

“धूर कुठून जायचा रे त्यांचा?” तिने विचारले.

मी धुराडे दाखवले. कमानी दाखवल्या. आगीच्या भीतीने हे स्वयंपाकघर घरापासून वेगळे बांधले होते आणि पुढे ते घराला जोडले, असेही सांगितले.

आई जरा गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे जोडीस्तोवर पावसात ताटं घेऊन बाहेरनं जायचं. वर झाकायला काय घेत होत्या गं त्या बाया?”

‘गं’ ती माझ्या पत्नीला उद्देशून म्हणाली. मी लिहिलेले इतके सारे समीक्षण तिने ऐकले नव्हते, आणि त्या घरात मी दोन तास घालवले तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता.